पितळेची कडी

खोगीरकाकांनी आयुष्यात दोन गोष्टी कधी टाकून दिल्या नाहीत, एक पितळ आणि दुसरं स्वतःचं म्हणणं. कातडं झिजतं, दोरा कुजतो, पितळ मात्र माणसाच्या मागे उरतं, हे ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. येणारा घोडेवाला असो की पट्ट्याला नुसतं एक भोक पाडून घ्यायला आलेला कारकून, सुटका कुणाचीच नव्हती. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दाराशी लाकडी ठोकळा, भिंतीवर रापी, आऱ्या आणि हातोड्या आपापल्या खिळ्याला टांगलेल्या, आणि कोपऱ्यात बिस्किटांच्या जुन्या डब्यांतून जपून ठेवलेल्या कड्या आणि बकलं. चाळीस वर्षं त्याच ठोकळ्याशी बसून त्यांनी खोगिरं आणि लगाम शिवले. त्यांचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

चाळीस वर्षं हातोडी चालवायची आणि कान शाबूत राहायचे, असं दोन्ही कसं जमेल? पुरुषांचं बोलणं, दार आपटणं, ट्रकची घरघर, हे काकांना नीट ऐकू येई. वरचे बारीक आवाज मात्र एकेक करून निघून गेले होते. आधी दारावरची घंटी गेली, मग किटलीची शिट्टी. चिमण्या गेल्या तेव्हा काकांनी गल्लीत जाहीर करून टाकलं की हल्ली चिमण्या पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत, आणि सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या, कारण या वाक्याला मान डोलवायची आता पद्धतच पडली आहे.

काकूंचा आवाज मुळातच बारीक. त्या समोर उभ्या राहून बोलल्या तर काकांना निम्मं ओठांवरून आणि निम्मं अंदाजाने कळे. पाठमोऱ्या बोलल्या तर काका सरळ "हो हो" म्हणत. हो म्हटल्याने संसारात सहसा काही बिघडत नाही, असा त्यांचा अनुभव होता. पण कुणाला सांगायची मात्र सोय नव्हती. आरी टोचली की कातडं कसं बोलतं त्यावरून त्याची जात सांगणारा कारागीर म्हणून त्यांचं नाव होतं. तोच बहिरा झाला म्हटल्यावर लोक काय म्हणतील?

तर असे हे काका तांबडीच्या प्रकरणात सापडले ते त्यांच्या लेकीमुळे. लेक वस्तीबाहेरच्या घोड्यांच्या शाळेत कामाला होती. ज्या मुलांच्या पायांत किंवा पाठीत जोर नाही, अशा मुलांना तिथे शांत घोड्यावर बसवून रिंगणात फिरवत. त्याने त्यांची पाठ सरळ होते म्हणे, आणि नसली होत तरी मुलं खूश असत. तिथे चार महिन्यांपूर्वी एका लाकडाच्या ठेकेदाराकडून ही घोडी आली. तांबूस अंग, मोठे डोळे आणि नाकाडावर दोन बोटं रुंदीचा एक पांढरा पट्टा, जिथे केस पुन्हा कधी उगवलेच नव्हते.

घोडीबरोबर तिची म्होरकी आली. म्होरकी म्हणजे घोड्याच्या तोंडावर चढवायचे पट्टे, ज्यांना दोरी लावून त्याला चालवतात. लेकीने ती दुकानात आणून ठोकळ्यावर ठेवली आणि विचारलं, "बाबा, ओळखतोस का?"

काकांनी ती हातात घेतली आणि त्यांना घामच फुटला. टाका त्यांचाच होता. प्रत्येक पट्टीच्या शेवटी उलटा दुहेरी टाका घालायची खोड या पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला नव्हती. तीन वर्षांपूर्वी ठेकेदार येऊन म्हणाला होता, घोडी हट्टी आहे, नाकपट्टीला आतून लोखंडी दात बसवून द्या. काकांनी दोन दिवस खपून एकेक दात कानशीने घासून सारखा केला होता. डाव्या गालावर जाड ओतीव पितळेची कडी, तिच्यातून हनुवटीखाली जाणारी साखळी. साखळी ओढली की दात नाकात रुततात, अशी रचना. काम इतकं सफाईदार झालं होतं की त्यांनी ते दोन गिऱ्हाइकांना मुद्दाम दाखवलंही होतं. त्या दिवशी काका जेवले नाहीत. शरम वाटली, आणि ती कुणावर ढकलता येईना.

तांबडीची अवस्था अशी की माणसाचा हात वर झाला की तिची मान वर जाई, मग ती मागे सरे, आणि कुणी दोरी घट्ट धरलीच तर मागच्या दोन पायांवर उभी राही. घोड्यांची निगा राखणाऱ्या शाळेच्या जुन्या मोतद्दाराचा खांदा तिने एका झटक्यात निखळवला होता. शाळा चालवणाऱ्या बाईंनी शेवटी तीन आठवड्यांची मुदत दिली. तोंडावर म्होरकी चढवून तबेल्याच्या दारापासून रिंगणापर्यंत जायचं, एक फेरी मारायची आणि शांतपणे परत यायचं. एवढं जमलं तर घोडी राहील, नाहीतर दलालाची गाडी येईल. दलाल म्हातारे आणि बिघडलेले घोडे कुठे नेतो हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नसे. बाई काही दुष्ट नव्हत्या. ज्या मुलांना पडताना स्वतःला सावरताही येत नाही त्यांना त्या घोडीवर कसं बसवू, असं त्या विचारत. त्यांचं बरोबर होतं, हीच तर पंचाईत होती.

काकांनी दाताळ नाकपट्टी स्वतःच्या हाताने कापून भंगारात घातली आणि लेकीला सांगितलं की नवी म्होरकी मी करीन, अशी मऊ की घोडीला ती चढवलेली कळणारसुद्धा नाही.

ती तयार होईपर्यंत लेकीने आपल्या पद्धतीने काम सुरू केलं. तोंडाला काहीच बांधायचं नाही. गळ्यात सुती दोरीचा सैलसर वेढा, आणि दोरीला पोट पडलेलं असेल इतकी ढील. ती तांबडीच्या खांद्याशी उभी राही, तिच्या डोळ्यांत न बघता समोर बघे आणि एक पाऊल टाके. घोडी नाही आली तर थांबून राही, कधी दहा दहा मिनिटं. घोडीने पाऊल उचललं रे उचललं की हात खाली सोडून देई. ओढायचं नाही, रागवायचं नाही, घाई करायची नाही. कुंपणाबाहेरून बघणाऱ्या काकांना वाटे, आपण हिला सायकल शिकवताना एवढा धीर धरला असता तर हिचे गुडघे फुटले नसते. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तांबडी लेकीच्या मागे मान खाली घालून रिंगणाला पूर्ण फेरी मारायला लागली. पण बाईंचा नियम पक्का होता. नुसती गळ्यातली दोरी चालणार नाही, पाठीवर मूल असताना तोंडावर म्होरकी हवीच.

तोवर म्होरकी झाली. कमावलेलं मऊ कातडं, आतून लोकर दाबून केलेल्या नमद्याचं अस्तर, नाकपट्टी चार बोटं रुंद आणि साखळी नाही. दोरी अडकवायला मात्र कडी लागते. काकांनी डब्यांत हात घातला आणि त्यांना हवी तशी कडी मिळेना. आजकालच्या कड्या पत्र्याच्या, वर्षभरात वाकणाऱ्या. जुन्या म्होरकीची ती ओतीव कडी बाजूला काढून ठेवलेली होती. तिचा काय दोष? दात लोखंडाचे होते, कडी पितळेची. त्यांनी ती चिंचेने घासून लख्ख केली आणि नव्या म्होरकीच्या डाव्या गालावर बसवली.

शंका नको म्हणून त्यांनी ती स्वतःच्याच डोक्यावर चढवली, नाकपट्टी नाकावर घेतली आणि ते आरशात बघत असताना काकू आत आल्या. बाहेरच्या कुणाला हे दृश्य दिसलं असतं तर दुकान बंद करावं लागलं असतं. काकूंनी नुसती भुवई वर केली.

"जरा ओढून बघ," काका म्हणाले. "कुठे टोचतंय का ते मला कळलं पाहिजे."

"पस्तीस वर्षं याच दिवसाची वाट बघत होते," असं म्हणून काकूंनी दोरी धरली आणि नवऱ्याला मागच्या अंगणात फिरवून आणलं. काकूंनी सुतळीने बांधून ठेवलेल्या मागच्या खिडकीवरून दोनदा, तुळशीएवढ्या लिंबाच्या कुंडीवरून दोनदा. चालता चालता त्या पुढे तोंड करून काहीतरी म्हणाल्या. काकांचं सगळं लक्ष आपल्या नाकाकडे. ते "हो हो" म्हणाले. कुठेही टोचलं नाही. काम पक्कं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी लेकीने ती म्होरकी तांबडीला चढवली. घोडीने हुंगली, चढवू दिली, शांत उभी राहिली. काकांची छाती फुगली. मग लेकीने पहिलं पाऊल टाकलं, तांबडीने टाकलं, आणि पुढच्याच क्षणी तिची मान आकाशात गेली आणि ती थेट भिंतीला पाठ टेकेपर्यंत मागे सरली. अंगावर काटा, नाकपुड्या लाल. पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. म्होरकी काढून गळ्यात दोरी घातली की घोडी गाय होऊन मागे येई.

तीन दिवस असे गेले. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं चाललंय, असं लेक म्हणाली. तिने पट्टे एक भोक सैल केले, मग आणखी एक. काकांनी अस्तर बदलून दुप्पट जाड नमदा घातला. चौथ्या दिवशी लेकीने भीत भीत विचारलं की बाबा, म्होरकीतच काही खोट नसेल ना? काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चाळीस वर्षांत माझ्या सामानात खोट निघाली नाही, खोट तुझ्या घाईत आहे, असं ते म्हणाले आणि सायकल काढून निघून आले. वाटेत त्यांना आठवलं की चाळीस वर्षांत एकदा निघाली होती, आणि ती या घोडीच्या नाकावर आहे. पण सायकल काही त्यांनी वळवली नाही.

मुदतीच्या सकाळी बाई रिंगणाच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. खांदा बांधलेला मोतद्दारही आला. काका कुंपणाबाहेर, नेहमीच्या जागी. लेकीने म्होरकी चढवली, दोरीला पोट सोडलं आणि पाऊल टाकलं. तांबडीने दोन पावलं टाकली आणि मान वर. लेक थांबली. घोडी थरथरत होती. बाईंनी घड्याळात बघितलं नाही, हे त्यांचं मोठेपण, पण त्या जमिनीकडे बघू लागल्या आणि ते जास्त वाईट होतं.

आता काकांना करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, म्हणून ते नुसते बघत राहिले. बऱ्याच वर्षांत माणसांशी बोलताना त्यांना एक सवय लागली होती, ऐकायच्या ऐवजी बघायची. लेकीने पुन्हा पाऊल टाकलं. दोरी सैल. हात खाली. तांबडीचा उजवा कान पुढे, लेकीकडे. पाऊल पडलं, कडी वर उचलली जाऊन बकलावर पडली, आणि डावा कान झटकन मागे वळला. मान त्यानंतर वर गेली. काकांनी डोळे बारीक केले. तिसऱ्यांदा तेच झालं. आधी कान, मग मान. हाताला घोडी भीत नव्हती, नाकपट्टीलाही नव्हती. तिचा कान गालाकडे वळत होता, आणि गालाशी तर काहीच नव्हतं. म्हणजे, काकांना ऐकू येण्यासारखं काही नव्हतं.

घोडा कान उगाच वळवत नाही, हे त्यांना ठोकळ्याशी बसायला शिकले तेव्हापासून ठाऊक होतं. आता फक्त एक प्रश्न विचारायचा होता. पण तो विचारला म्हणजे सगळं आलंच. चार वर्षं जपलेलं गुपित, बाईंसमोर, त्या मोतद्दारासमोर, जो संध्याकाळपर्यंत चार दुकानांत सांगणार होता. काकांनी कुंपणाच्या फळीवर हात ठेवला. तबेल्यापलीकडे रस्त्याच्या कडेला दलालाची गाडी आधीच येऊन उभी होती. ते फाटक उघडून आत गेले.

"ती कडी वाजतेय का गं?" त्यांनी विचारलं.

लेकीला प्रश्नच कळला नाही. "कडी आहे बाबा, वाजणारच. पहिल्या दिवसापासून वाजतेय." मग ती त्यांच्याकडे नीट बघायला लागली. "तुला..."

"मला ऐकू येत नाही," काका म्हणाले. "तिला येतंय. आधी कडी वाजायची, मग दात लागायचे. तीच कडी आहे ती. मीच बसवलीय."

लेकीने म्होरकी उतरवून त्यांच्या हातात दिली. काकांनी खिशातून रापी काढली, कडी धरून ठेवणारी कातड्याची गुंडाळी कापली आणि कडी सुटून तळहातावर आली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच. मग त्यांनी कातड्याच्याच फासात सुती दोरी ओवली, त्यांना येत होती ती सगळ्यात पक्की गाठ मारली आणि कानापाशी धरून हलवली. अर्थात त्यांना काय कळणार? लेकीने मान हलवून सांगितलं की काही वाजत नाही.

तांबडीला म्होरकी पुन्हा चढली. लेकीने पाऊल टाकलं. घोडीने टाकलं. डावा कान मागे वळला, थांबला, वाट बघितली. काहीच आलं नाही. दुसरं पाऊल. तिसरं. कान हळूहळू पुढे आला आणि मान खाली उतरली, अगदी लेकीच्या कोपरापर्यंत. मग तांबडीने एक लांब फुर्रर्र केलं. ते इतकं खालच्या सुरातलं होतं की काकांनाही स्वच्छ ऐकू आलं, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. रिंगणाची फेरी पूर्ण झाली. परत येताना घोडीने वाटेत थांबून बाईंच्या बाहीचा वास घेतला. बाई तिला हात न लावता उभ्या राहिल्या. मग त्यांनी मोतद्दाराला सांगितलं की त्या गाडीवाल्याला जायला सांगा.

लेकीने जाताना काकांच्या दंडाला धरलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. उद्या कान दाखवायला जायचं, असं तिने समोर येऊन, तोंड मोठं करून सांगितलं. काका हो म्हणाले, आणि या वेळी खरंच ऐकून म्हणाले. कडी अजून त्यांच्या मुठीत होती. चांगली वजनदार ओतीव कडी. त्यांनी ती लिदीच्या ढिगात टाकली. दुसरी गोष्ट, स्वतःचं म्हणणं, टाकायला घरी जायचं होतं.

काकू स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या. काका समोर जाऊन उभे राहिले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. घोडी, कान, कडी, आणि शेवटी एका दमात, मला चार वर्षं बारीक आवाज ऐकू येत नाही.

काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कडी वाजतेय, हे मी तेव्हाच म्हटलं होतं. अंगणात. जुन्यासारखीच वाजते, घोडी भिईल, म्हटलं होतं मी."

"मग पुन्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही हो म्हणालात. मला वाटलं, ऐकलंत आणि सोडून दिलंत. नेहमीसारखं."

"नेहमीसारखं म्हणजे?"

काकूंनी शेंग खाली ठेवली. "मी काही सांगते, तुम्ही हो म्हणता, आणि पुढे काहीच होत नाही. चार वर्षं. मला वाटायला लागलं होतं की माझं बोलणं आता तुम्हाला ऐकण्यासारखं वाटत नाही."

रिंगणात वाटली नव्हती एवढी शरम काकांना त्या क्षणी वाटली. त्यांना वाटत होतं, हो म्हटल्याने काही बिघडत नाही. "नाही गं," ते म्हणाले. "ऐकूच येत नव्हतं. पाठमोरी बोललीस तर एक शब्दसुद्धा."

"खरंच?"

"तुझी शपथ."

आणि काकू हसल्या. नवरा बहिरा झाल्याचं कळल्यावर कुठलीच बायको इतकी सुखावली नसेल. मनगटाने डोळे पुसत त्या हसत राहिल्या आणि मटार सगळीकडे घरंगळले. काकांनी खाली बसून ते गोळा केले आणि ते स्टुलावर टेकले. मग त्यांनी विचारलं की चिमण्या खरंच गेल्यात का. कुठल्या गेल्यात, पहाटेपासून डोकं उठवतात, असं काकू म्हणाल्या. मग त्यांनी आपली खुर्ची उचलली, काकांच्या अगदी समोर आणून ठेवली आणि तीत बसल्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ.

"सांग," काका म्हणाले.

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

काकूंनी जरा आठवून बघितलं. "मागची खिडकी," त्या सावकाश, ओठ दिसतील असं म्हणाल्या, "चार वर्षं लागत नाहीये."

काका हातोडी आणायला उठू लागले. काकूंनी त्यांचा हात धरून खाली बसवलं.

"बसा. खिडकी कुठे पळून जात नाही. अजून बरंच आहे."